एका विटेत साडेचार लाख नाणी: ‘फ्रीडम टॉवर सिल्व्हर डॉलर’चं प्रकरण

२००४ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेत टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत एका नाण्याची जाहिरात झळकू लागली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट. एका बाजूला न्यूयॉर्कचे कोसळलेले जुळे मनोरे, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जागी उभा राहणार असलेला फ्रीडम टॉवर, आणि सोबत ‘२००१-२००४’ अशी सालं. जाहिरातीचा सूर असा, की हा सरकारी अधिकाराने काढलेला चांदीचा डॉलर आहे, ९९.९ टक्के शुद्ध चांदीचा आहे, आणि ती चांदी ११ सप्टेंबरच्या ढिगाऱ्याखालून निघालेली आहे.

विकणारी कंपनी होती न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट चेस्टरची ‘नॅशनल कलेक्टर्स मिंट’. नावात ‘नॅशनल’ आहे, ‘मिंट’ही आहे, पण सरकारी टांकसाळीशी तिचा काहीही संबंध नाही. ही एक खासगी विक्री कंपनी. अमेरिकेची खरी टांकसाळ ‘युनायटेड स्टेट्स मिंट’ ही अर्थखात्याखाली येते. ही दोन नावं लांबून सारखीच ऐकू येतात, आणि जाहिरात वाचणारा माणूस लांबूनच वाचत असतो.

नाणी जमवायला नव्याने सुरुवात केलेल्या लोकांना मी हे प्रकरण नेहमी समजावून सांगतो. त्यात वीस डॉलरची वस्तू आहे, लाखो लोकांचं दुःख आहे, आणि शाळेतल्या गणिताने उलगडेल अशी फसवणूक आहे. शिवाय यातली बहुतेक विधानं कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीला धरून होती. अशा जाहिरातीत साफ खोटं शोधायला गेलं तर हाताला पटकन काही लागत नाही. एका खऱ्या गोष्टीचा टाका दुसऱ्या खऱ्या गोष्टीला जिथे घातलेला असतो, तिथे पाहावं लागतं.

आधी तळघरातली चांदी पाहू, कारण लोकांच्या मनाला सगळ्यात जास्त तीच भिडली असणार.

वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ४ क्रमांकाच्या इमारतीखाली बँक ऑफ नोव्हा स्कोशियाची तिजोरी होती. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या वायदेबाजाराचं सोनं-चांदी तिथे ठेवलेलं असे. हल्ल्यानंतर काही आठवड्यांनी, २००१ च्या शरदातच, तो सगळा साठा सुखरूप बाहेर काढण्यात आला. सोनं सुमारे ३ लाख ७९ हजार औंस आणि चांदी जवळपास ३ कोटी औंस, म्हणजे ९३० टनांच्या आसपास. हे सगळं खरं आहे, नोंदलेलं आहे.

पण ९३० टन म्हणजे किती ते डोळ्यांसमोर आणा. कॉमेक्सवर चांदीची वीट साधारण १,००० औंसांची असते, म्हणजे ३१ किलोची. अशा सुमारे तीस हजार विटा त्या तळघरात होत्या. ही मूठभर उरलेली अवशेषरूपी चांदी नव्हती. तो बाजाराचा माल होता, ज्याचा होता त्याला मिळाला, आणि नेहमीसारखा व्यवहारात परतला. ‘तिथून निघालेली चांदी’ हे शब्द ऐकले की मनात येतं काहीतरी दुर्मीळ, राखेतून वेचलेलं. हा अर्थ शब्दांत नव्हता, तो ऐकणाऱ्याने आपल्या दुःखातून भरला. आणि तो तसाच भरला जावा अशीच त्या शब्दांची मांडणी होती.

आता नाण्यात चांदी किती होती ते पाहू. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने खटला भरला तेव्हा पुढे आलं, की हे नाणं चांदीचं नव्हतंच. हलक्या प्रतीच्या धातूच्या चकतीवर चांदीचा मुलामा होता. जाडी सुमारे एका इंचाचा दहा हजारावा भाग, म्हणजे अडीच मायक्रॉन. आपल्याकडे सराफ याला ‘चांदीचं पाणी चढवलंय’ म्हणतात, आणि अशा मालाला चांदीचा भाव लावायची भाषा कुणी करत नाही.

हे गणित मी वहीत मांडून दाखवतो. अमेरिकेच्या नेहमीच्या मोठ्या डॉलरचा व्यास ३८.१ मिलिमीटर असतो. तेवढ्या चकतीच्या दोन्ही बाजू आणि कड मिळून पृष्ठभाग येतो सुमारे २,५८० चौरस मिलिमीटर. त्यावर अडीच मायक्रॉनचा थर म्हणजे साडेसहा घन मिलिमीटर चांदी. चांदीची घनता १०.४९, तेव्हा वजन भरतं ६९ मिलिग्रॅमच्या आसपास. ग्रॅमचा चौदावा-पंधरावा भाग. त्या सुमारास चांदीचा भाव औंसाला ७ डॉलरच्या घरात होता. त्या भावाने एका नाण्यावरची चांदी दीड सेंटाची होते. विक्रीची किंमत १,९९५ सेंट. म्हणजे चांदीच्या भावाच्या तेराशेपट.

याच गणिताला उलटं वळवलं की तळघराच्या गोष्टीचंही खरं रूप दिसतं. ३१ किलोच्या एका विटेतून असा मुलामा साडेचार लाख नाण्यांना देता येईल. वीट ७ हजार डॉलरची, आणि तिच्यातून निघणारी नाणी जाहिरातीतल्या भावाने विकली गेली तर ९० लाख डॉलरची. तळघरातली सगळीच्या सगळी चांदी याच कामाला लावली असती तर साडेतेरा अब्ज नाणी झाली असती, त्या वेळच्या पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला दोन-दोन. त्यामुळे चांदी खरोखर तिथलीच होती असं गृहीत धरलं, तरी तिच्यामुळे नाण्याला दुर्मीळपणा कसा येणार? किती नाणी काढायची यावर त्या चांदीने कसलीच मर्यादा घातली नव्हती.

इथे शब्दांकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण संग्राहकाला गाठायचं ते त्याच्याच भाषेत.

‘सिल्व्हर डॉलर’ हे अमेरिकन संग्राहकासाठी मोघम वर्णन नाही. १८७८ पासूनचा मॉर्गन डॉलर असो, १९२१ ते १९३५ चा पीस डॉलर असो, की १९८० च्या दशकापासून त्या वेळपर्यंत काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, कायद्याने निघालेले स्मारक डॉलर असोत, वजन २६.७३ ग्रॅम आणि चांदी ९० टक्के. म्हणजे २४ ग्रॅम शुद्ध चांदी. सव्वाशे वर्षं हा शब्द त्याच वजनाने चालत आला होता. ज्याच्या आजोबांनी पेटीत दोन मॉर्गन डॉलर ठेवले होते, त्याच्या कानाला ‘सिल्व्हर डॉलर’ म्हणजे तेच २४ ग्रॅम. ते ऐकून त्याने पैसे पाठवले आणि हाती आले ६९ मिलिग्रॅम. साडेतीनशेवा भाग.

‘.९९९ शुद्ध’ हे त्याहून बारकाईने पाहण्यासारखं. मुलामा देताना वापरलेली चांदी ९९.९ टक्के शुद्ध असूच शकते, तसा मुलामा साधारणपणे शुद्ध चांदीचाच देतात. टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, थराचा सांगायचा आणि ग्राहकाने तो अख्ख्या नाण्याचा समजायचा, इतकीच ही युक्ती. आपल्या सराफ बाजारात कुणी ‘टंच किती?’ विचारलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, ‘वजन किती?’ हे दोन्ही आकडे एकमेकांशिवाय निरुपयोगी आहेत. मुलामा, प्लेटिंग, क्लॅड असे शब्द असलेल्या मालाच्या जाहिरातीत टंच ठळक अक्षरांत असतो आणि चांदीचं वजन कुठेच नसतं. असलंच तर मिलिग्रॅममध्ये, आणि मिलिग्रॅम हे माप सामान्य माणूस औषधाच्या गोळीपलीकडे वापरत नाही.

‘क्लॅड’ या शब्दाचीही तीच गत. अमेरिकेत १९७१ ते १९७६ या सालांचे आयझेनहॉवर डॉलर संग्राहकांसाठी ‘सिल्व्हर क्लॅड’ म्हणून निघाले होते, आणि त्यांत एकूण ४० टक्के चांदी होती. एका नाण्यात जवळपास १० ग्रॅम. तो इतिहास ठाऊक असलेल्या जाणकाराला ‘क्लॅड इन सिल्व्हर’ ऐकून दहा ग्रॅम आठवले तर त्याला मी दोष देणार नाही. अर्धवट माहिती असलेला माणूस काहीच माहिती नसलेल्यापेक्षा अशा ठिकाणी लवकर अडकतो, हे मी आमच्या प्रदर्शनांतही पाहिलं आहे.

मग ‘सरकारी’ शब्दाचं काय? हा सगळ्यात गुंतागुंतीचा टाका.

हे नाणं नॉर्दर्न मारियाना बेटांच्या नावाने काढलेलं होतं. पश्चिम प्रशांत महासागरातल्या या बेटांवर, सायपान आणि त्याच्या आजूबाजूला, अमेरिकेचं सार्वभौमत्व आहे. बेटांना स्वतःचं सरकार आहे, गव्हर्नर आहे, विधिमंडळ आहे. चलन मात्र अमेरिकन डॉलरच. जाहिरात ‘सरकारी अधिकाराने काढलेला डॉलर’ म्हणत होती ती या सरकारच्या जोरावर. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अर्थातच वॉशिंग्टन आलं.

पण ते सरकार नाणं काढू शकतं का, हा प्रश्न संविधानाचा होता. अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमाने नाणी पाडण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. युनायटेड स्टेट्स मिंटने २००४ च्या ऑक्टोबरात लोकांना सावध करणारं निवेदन काढलं. त्यात साफ सांगितलं, की हे नाणं आमचं नाही, त्याला आमची संमती नाही, ते कायदेशीर चलन नाही, आणि अमेरिकेच्या सार्वभौमत्वाखाली असलेल्या या बेटांना स्वतःचं नाणं पाडण्याचा अधिकारच नाही.

परदेशी छोट्या राज्यांच्या नावाने निघणारी संग्राहक-नाणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा मार्ग ओळखीचा वाटेल. कित्येक छोटे देश आपल्या नावाने नाणी काढायचा परवाना खासगी टांकसाळींना मोबदला घेऊन देतात. नाण्यावर देशाचं नाव, दर्शनी किंमत, आणि पत्रकात ‘लीगल टेंडर’ हे शब्द. त्यात बेकायदा काही नसतं, आणि त्यांतली काही नाणी सुरेख असतात, चांदीही पूर्ण वजनाची असते. पण ज्या बेटावर ते चलन म्हणवतं तिथल्या एकाही दुकानात ते कधी फिरलेलं नसतं. मी अशा नाण्यांकडे सुरेख पदक म्हणून पाहतो आणि पदकाइतकेच पैसे देतो. मारियानाच्या बाबतीत तर हा मार्गही बंद होता, कारण ती बेटं स्वतंत्र देश नाहीत.

न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी कंपनीवर दावा दाखल केला आणि ऑक्टोबर २००४ मध्येच न्यायालयाने विक्री थांबवली. पुढे जाहिराती फसव्या ठरल्या. कंपनीला दंड झाला आणि ग्राहकांना पैसे परत देण्याची व्यवस्था करावी लागली. जाहिरात सुरू झाल्यापासून विक्री थांबेपर्यंतचा काळ आठवड्यांत मोजण्याइतका. ग्राहक-फसवणुकीच्या प्रकरणांत इतकी चपळाई क्वचित दिसते, आणि त्यासाठी त्या कार्यालयाला श्रेय द्यायलाच हवं.

मात्र या निकालातून काय मिळालं आणि काय नाही, हे नीट पाहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बहुतेक लोक हे प्रकरण ऐकून म्हणतात, ‘दीड सेंटाची चांदी वीस डॉलरला विकली म्हणून त्यांना शिक्षा झाली.’ तसं नाही. दीड सेंटाची चांदी वीस डॉलरला विकणं हा गुन्हा नाही. जगातलं कुठलंही स्मारक पदक, चषक, मुलाम्याची मूर्ती धातूच्या भावापेक्षा कितीतरी जास्त किमतीला विकली जाते आणि विकत घेणारा ते जाणून घेतो. कंपनी अडचणीत आली ती शब्दांमुळे. सरकारी नसताना सरकारी म्हटलं, चांदीचा नसताना चांदीचा डॉलर म्हटलं. हेच नाणं ‘चांदीचा मुलामा दिलेलं खासगी स्मारक पदक, किंमत १९.९५ डॉलर’ असं लिहून विकलं असतं, तर कुठल्याही न्यायालयाला हात घालता आला नसता.

म्हणजे खोट्या शब्दांपासून वाचवायला कायदा आहे. जास्त किमतीपासून वाचवायला कुणीही नाही, तिथे ग्राहक एकटा असतो. संग्राहकांच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत असते. ‘एवढी महाग आहे म्हणजे काहीतरी असेल, नाहीतर सरकारने विकू दिलं असतं का?’ हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. सरकारने विकू दिलं असतं. विकू देतंच.

तुलनेसाठी त्याच घटनेवरचं दुसरं पदक पाहण्यासारखं आहे. ६ ऑगस्ट २०१० रोजी कायदा होऊन ‘सप्टेंबर ११ नॅशनल मेडल’ला मंजुरी मिळाली, आणि जून २०११ मध्ये युनायटेड स्टेट्स मिंटने त्याची विक्री सुरू केली. एक औंस, ९९.९ टक्के चांदी, फिलाडेल्फिया आणि वेस्ट पॉइंट या दोन टांकसाळींत पाडलेलं. सुरुवातीची किंमत ५६.९५ डॉलर. त्यातले १० डॉलर ११ सप्टेंबरच्या स्मारक व संग्रहालयाकडे जाणार, हे कायद्यातच लिहिलेलं. त्या वेळी चांदी औंसाला ३६ डॉलरच्या आसपास होती. म्हणजे सरकारी पदकही चांदीच्या भावापेक्षा २० डॉलरनी महाग होतं. त्यातले १० स्मारकाचे, उरलेले घडणावळ, पेटी, वितरण यांचे. प्रत्येक डॉलर कुठे गेला ते ग्राहकाला सांगता येत होतं.

आणि एक गोष्ट मला विशेष वाटते. खऱ्या टांकसाळीने, जिला नाणी पाडण्याचा पूर्ण अधिकार आहे, या वस्तूला ‘नाणं’ म्हटलं नाही. दर्शनी किंमत नाही म्हणून ‘पदक’ म्हटलं. जिला अधिकार होता तिने शब्द जपून वापरला, आणि जिला नव्हता तिने तो मोठ्या टायपात छापला.

नॅशनल कलेक्टर्स मिंट मात्र २००४ नंतर गप्प बसली नाही. २०१० मध्ये, हल्ल्याला दहा वर्षं होत आली तशी, तिने त्याच विषयावरचं नवं स्मारक नाणं बाजारात आणलं. न्यूयॉर्कचे सिनेटर चार्ल्स शूमर यांनी त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली, युनायटेड स्टेट्स मिंटनेही खरं पदक कुठलं ते लोकांना सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्याच राज्यातल्या न्यायालयाने त्याच विषयावरच्या जाहिराती फसव्या ठरवल्या होत्या, तरी धंदा पुन्हा उभा राहिला. शब्द बदलता येतात. मुलाम्याचं पदक विकण्यावर बंदी नव्हतीच.

२००४ च्या नाण्याबद्दल आणखी एक नोंद करण्यासारखी आहे. फ्रीडम टॉवरची कोनशिला ४ जुलै २००४ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी बसवली होती, आणि त्या वेळी लोकांसमोर असलेला आराखडा डिसेंबर २००३ चा होता. सुरक्षेच्या कारणांवरून जून २००५ मध्ये तो आराखडा बदलला. २००९ मध्ये इमारतीचं अधिकृत नावही ‘वन वर्ल्ड ट्रेड सेंटर’ झालं. ज्या रूपातल्या मनोऱ्याचं स्मारक लोकांनी विकत घेतलं, तो मनोरा त्या रूपात कधी बांधलाच गेला नाही.

या नाण्यात चांदी नव्हती म्हणून हिशेब सोपा गेला. चांदी अस्सल असते, पूर्ण वजनाची असते, टांकसाळही सरकारी असते, आणि तरीही माणूस लुबाडला जातो, तेव्हा अवघड होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘सेफगार्ड मेटल्स’ या कॅलिफोर्नियातल्या कंपनीवर दाखल केलेली तक्रार या दृष्टीने वाचनीय आहे. तक्रारीनुसार ४५० हून अधिक, बहुतेक वयस्कर, गुंतवणूकदारांना शेअर बाजाराची भीती घालून त्यांची निवृत्तीची पुंजी चांदी-सोन्याच्या नाण्यांत वळवायला लावली. सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर घेतले आणि त्यांतले अडीच कोटींहून अधिक स्वतःचा नफा म्हणून ठेवले. ग्राहकांना नफ्याचं प्रमाण ४ ते ३३ टक्के सांगितलं होतं, प्रत्यक्षात सरासरी ६४ टक्क्यांच्या आसपास आकारलं. लंडन, न्यूयॉर्क, बेव्हर्ली हिल्स इथे कार्यालयं असल्याचं सांगितलं जायचं, प्रत्यक्षात एका इमारतीतल्या छोट्या जागेतून, समोर लिहून ठेवलेली वाक्यं वाचत विक्री चालायची, असंही तक्रारीत आहे.

६४ टक्के म्हणजे काय ते रुपयांत सांगतो. १०० रुपयांची चांदी तुम्ही १६४ ला घेतली. चांदीचा भाव ६४ टक्के वाढला तर तुम्ही जिथे होतात तिथे पोचलात, तोही विकताना कुणी काही कापून घेतलं नाही तर. दहा वर्षांची भाववाढ पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या खिशात गेली, आणि हातातलं नाणं अस्सल असल्यामुळे ते कळायलाही बरीच वर्षं लागतात. अशा विक्रीत ‘मर्यादित आवृत्ती’, ‘खास आमच्यासाठी पाडलेलं’ अशा नाण्यांवर भर असतो. कारण सिल्व्हर ईगलसारख्या सर्वत्र मिळणाऱ्या नाण्याचा भाव पाच मिनिटांत दुसरीकडे विचारता येतो, आणि खास नाण्याचा भाव फक्त विकणाऱ्यालाच माहीत असतो. ‘दुर्मीळ’ या शब्दाचा खरा उपयोग तिथे असतो, तुलना बंद करण्यासाठी.

आता आपल्याकडचं. धनत्रयोदशीला लक्ष्मी-गणपतीचं नाणं घेणाऱ्या घरात हे सगळे शब्द वेगळ्या कपड्यांत येतातच. ‘नाणं’ म्हणतो खरं, पण कायद्याने ते नाणं नाही. २०११ च्या नाणी कायद्यानुसार नाणी पाडण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे, ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टांकसाळींत पडतात. सराफाकडचं दहा ग्रॅमचं लक्ष्मीचं नाणं म्हणजे छाप मारलेली चांदी. त्यात वावगं काही नाही. वजन, टंच आणि मजुरी पावतीवर वेगवेगळी लिहून घेतली की व्यवहार स्वच्छ. चांदीवर हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, तरी मागितला तर मिळतो, आणि मागावाच.

पंचाईत होते ती भेटवस्तूंच्या दुकानातल्या मखमली डबीत. डबीवर देवाचं चित्र, ‘९९९’ हा आकडा, सोबत सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. वजन लिहिलेलं नसतं, किंवा लिहिलेलं वजन अख्ख्या चकतीचं असतं. प्रमाणपत्र देणारा आणि वस्तू विकणारा एकच असेल तर त्या कागदाचं मोल छपाईच्या खर्चाइतकं. ‘जर्मन सिल्व्हर’ची ताटं-वाट्या तर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी अजिबात नसते. पण ते नाव निदान सगळ्यांना कळलेलं तरी आहे.

संग्राहकांना पडणारा फास ‘राणीछाप’ आणि ‘राजाछाप’ रुपयांचा. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली, आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा. हे साल न पाहता सगळ्याच जुन्या रुपयांना एकच भाव लावणारे विक्रेते आहेत, आणि नव्याने पाडलेल्या नकली रुपयांना जुनाट रंग देणारेही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात सरकारी नाव वापरण्याचा प्रकार तर इतका वाढला, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावं लागलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचा संबंध नाही, त्यासाठी आम्ही कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही, असं. मारियाना बेटांचं नाव तिकडे जे काम करत होतं, तेच काम इकडे रिझर्व्ह बँकेच्या चिन्हाकडून करून घेतलं जात होतं.

आपल्याकडेही आता हत्यार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चांदीच्या बाबतीत त्याचा वापर व्हायचा तर जाहिरातीचं कात्रण, पावती आणि मूळ डबी जपून ठेवलेली हवी. न्यूयॉर्कमध्येही दावा जाहिरातीतल्या शब्दांवरच उभा राहिला होता.

प्रदर्शनात कुणी मुलाम्याचा संशय असलेलं नाणं घेऊन आलं की मी आधी घासून पाहत नाही, कारण नाणं खरं निघालं तर घासल्याने त्याची किंमत जाते. एक छोटा डिजिटल काटा, काचेचा पेला आणि दोरा पुरतो. काट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा आणि काटा शून्यावर आणायचा. मग नाणं दोऱ्याने पाण्यात सोडायचं, पूर्ण बुडालेलं पण तळाला आणि काठाला न टेकलेलं. एका औंसाचं, ३१.१ ग्रॅमचं, नाणं शुद्ध चांदीचं असेल तर काटा २.९६ ग्रॅम दाखवतो. तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं असेल तर ३.४८. मुलामा कितीही चकचकीत असला तरी हा अर्धा ग्रॅम त्याला लपवता येत नाही.